कॅथलिक शाळेचं कॅथलिकपण नेमकं कशात असतं?

प्रश्न असा आहे की भिंतीवर क्रूस आहे, नावात कुठल्यातरी संताचं नाव आहे, सकाळी प्रार्थना होते, पण निम्मी मुलं कॅथलिक नाहीत, शिकवणारे फादर-सिस्टर आता जवळपास दिसतच नाहीत, गणित-विज्ञान सगळ्यांसारखंच, मग या शाळेला कॅथलिक म्हणायचं ते कशावरून? शिस्त आणि चांगलं शिक्षण तर दुसरीकडेही मिळतं.

मी बरीच वर्षं अशा शाळांमध्ये शिकवलं, नंतर प्रिन्सिपल होतो, मग इतर शाळांची पाहणी करणाऱ्या टीमबरोबर फिरलो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: ही शाळा समोरच्या मुलाला कोण समजते, आणि ती समजूत तिच्या प्रवेशात, पैशात, शिक्षेत, टाइमटेबलात उतरलीय का. क्रूस, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), संताचं नाव यांना अर्थ येतो तो त्यानंतर.

आधी कायद्याची बाजू उरकून घेतो, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. कॅथलिक हे नाव कोणीही उठून लावू शकत नाही. चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ, सध्याचा १९८३ चा, त्यातलं ८०३ वं कलम सांगतं की जी शाळा चर्चचा अधिकारी किंवा चर्चची अधिकृत संस्था चालवते, किंवा जिला चर्चने लेखी मान्यता दिलीय, ती कॅथलिक शाळा. गंमत म्हणजे त्याच कलमात पुढे असंही आहे की शाळा प्रत्यक्षात कितीही कॅथलिक असो, परवानगीशिवाय तिने ते नाव लावायचं नाही. धर्म शिकवणाऱ्या शिक्षकाला मान्यता देणं, गरज पडली तर काढणं हे स्थानिक बिशपच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाच्या, हातात, शाळांना भेट देऊन बघायचा हक्कही त्यांचाच. आणि ८०६ व्या कलमात एक ओळ आहे जी मी नव्या प्रिन्सिपल लोकांना आवर्जून दाखवतो, की इथलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान बरोबरीचं असलं पाहिजे. म्हणजे गणित कच्चं ठेवून भक्ती पक्की केली, हे चर्चच्या कायद्यातच बसत नाही.

पैसा कोणाचा यावरूनही काही ठरत नाही. कॅनडात ऑन्टारिओमधल्या कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, १८६७ च्या घटनेनेच त्यांना संरक्षण दिलंय, आणि अमेरिकेत बहुतेक शाळा फी आणि देणग्यांवर चालतात. जिवंत शाळा दोन्हीकडे सापडतात, नुसत्या पाटीपुरत्या उरलेल्याही दोन्हीकडे.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ ला शिक्षणावर एक लहानसं घोषणापत्र काढलं. त्यात कॅथलिक शाळेची खूण म्हणून तीन गोष्टी आहेत: शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतलं) स्वातंत्र्य आणि प्रेम ज्या वातावरणात जाणवतं असा समाज शाळेत तयार करणं, बाप्तिस्म्याने, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीने, मिळालेलं नवं जीवन मुलाच्या व्यक्तिमत्त्वाबरोबर वाढेल असं बघणं, आणि जग, जीवन, माणूस यांबद्दल मूल जे काही शिकतं त्यावर श्रद्धेचा उजेड पडेल अशी सांगड घालणं. नंतर १९७७ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात आणखी सरळ लिहिलंय की शाळेच्या सगळ्या शैक्षणिक कामाचा पाया ख्रिस्त आहे. पाया म्हणजे धर्माच्या तासाचा पाया नव्हे हं, सगळ्याच कामाचा.

हे ऐकायला फार उंच वाटतं, म्हणून खाली आणतो. समजा एक मुलगा परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला. कुठलीही बरी शाळा त्याला समजावेल, पालकांना बोलावेल, शिक्षा देईल. कॅथलिक शाळेत वेगळं काय व्हायला हवं? माझं म्हणणं असं की चर्चमध्ये पापनिवेदनाच्या संस्काराचा जो आकार आहे तो इथल्या शिस्तीला यायला हवा. आधी कबुली, म्हणजे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगणं की मी हे केलं. मग खंत, ती जबरदस्तीने आणता येत नाही पण तिच्यासाठी वेळ देता येतो. मग भरपाई, ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून देणं. आणि शेवटी क्षमा, म्हणजे प्रकरण खरंच बंद, वर्षभराने दुसऱ्याच भांडणात "तू तर तोच ना कॉपीवाला" असं कोणी शिक्षकाने म्हणायचं नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण स्टाफरूमची स्मरणशक्ती फार दांडगी असते. यामागे धारणा अशी, की माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, त्याची किंमत त्याने मार्कांनी कमावलेली नाही आणि म्हणून मार्कांनी किंवा एका चुकीने ती जातही नाही. ही धारणा तुम्हाला पटो न पटो, पण ज्या शाळेत ती खरोखर कामाला लागलीय तिथे दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाकडे कसं बघितलं जातं यावरून ते कळतं.

डॉन बॉस्को या इटलीतल्या, गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या धर्मगुरूंनी १८७७ मध्ये आपल्या पद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला, त्यात विवेक, धर्म आणि प्रेमळपणा असे तीन खांब सांगितले, आणि त्यांचा भर होता की मूल चुकल्यावर ठोकण्यापेक्षा आधीच त्याच्या आसपास राहा, खेळात राहा. मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मैदानावर सुट्टीत शिक्षक दिसतात का हे मी पाहणीला गेलो की पहिल्यांदा बघतो, चॅपल नंतर.

इथे एका खड्ड्याबद्दल बोलायला हवं. कुठल्याही कॅथलिक शाळेच्या माहितीपत्रकात "मूल्यं" हा शब्द दर दुसऱ्या ओळीला येतो, आदर, प्रामाणिकपणा, करुणा, सेवा. सगळं छान, पण ही मूल्यं जगातली कुठलीही शाळा सांगेल आणि सांगावीतच, त्यात कॅथलिक काय? मी कित्येक शाळांमध्ये विचारलंय की करुणा का, आणि उत्तर येतं की समाज चांगला चालतो म्हणून. बरोबर आहे, पण मग येशूचं नाव काढून टाकलं तरी शाळेचं काही अडत नाही, आणि हळूहळू ते निघूनच जातं, कोणी ठरवत नाही, कोणी विरोधही करत नाही, फक्त एका वर्षी लक्षात येतं की चांगल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितली जाते पण ती कोणी सांगितली होती हे कोणालाच सांगावंसं वाटत नाही.

बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या कॅथलिक शिक्षण विभागाने २००६ पासून मिळून शाळांची ओळख मोजायच्या प्रश्नावल्या तयार केल्या, मला त्यांची मांडणी फार उपयोगाची वाटते. चार प्रकार धरतात. एक, जिथे सगळं कॅथलिक लोकांनी कॅथलिक लोकांसाठी, बाहेरच्या जगाशी देणंघेणं नाही, एकतर्फी बोलणारी शाळा. दोन, रंगहीन शाळा, जिथे धर्म हा प्रत्येकाचा खाजगी मामला, एकमेकांना त्रास देऊ नका म्हणजे झालं. तीन, रंगीबेरंगी, जिथे सगळ्या धर्मांचं कौतुक, सगळे सण, पण शाळेचा स्वतःचा आवाज कुठलाच नाही. आणि चार, संवादाची शाळा, जी आपली कॅथलिक बाजू उघडपणे मांडते आणि त्याच जागेवरून दुसऱ्याचं मनापासून ऐकते. त्यांचा कल चौथ्याकडे आहे, माझाही. फक्त एक सांगतो, बहुतेक शाळा आपण चौथ्यात आहोत असं समजतात आणि असतात दुसऱ्या किंवा तिसऱ्यात. पहिला प्रकार शोधायला तसे कष्टच पडतात, तरी चर्चेत सगळे त्यालाच घाबरतात.

व्हॅटिकनने २०२२ मध्ये याच विषयावर एक सूचनापत्र काढलं, कारण ठिकठिकाणी वाद झाले होते, कोणाला नोकरीवरून काढलं, कुठल्या शाळेचं कॅथलिक नाव काढून घेतलं असे. त्यात तीन अपुरे अर्थ सांगितलेत: एक, कागदावर मान्यता आहे म्हणजे कॅथलिक. दोन, कागद वगैरे सोडा, आमच्यात एक कॅथलिक स्पिरिट आहे. तीन, आम्ही शंभर टक्के पक्के आणि बाकीच्यांना दार बंद. तीनही वाक्यं मी मीटिंगमध्ये जशीच्या तशी ऐकलेली आहेत, दुसरं तर सगळ्यात जास्त, कारण स्पिरिटला कोणी पुरावा मागत नाही.

मग विषय शिकवताना काय? कॅथलिक गणित असतं का? नसतं. १९७७ चाच दस्तऐवज स्पष्ट सांगतो की प्रत्येक विषय त्याच्या स्वतःच्या पद्धतीने शिकवायचा, श्रद्धेचं शेपूट किंवा धर्माची बाजू मांडायचं हत्यार म्हणून वापरायचा नाही. भूमितीच्या प्रमेयाला येशू चिकटवणारे उत्साही शिक्षक मी पाहिलेत, मुलांना ते दोन मिनिटांत कळतं आणि दोन्ही गोष्टींवरचा विश्वास उडतो. विज्ञानाच्या तासाला धर्म येतो तो प्रश्न टाळला जात नाही म्हणून. अनुवंशशास्त्राचा पाया घालणारा मेंडेल हा ऑगस्टिनियन मठातला साधू होता, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र हा बेल्जियन धर्मगुरू होता, हे सांगा, पण गॅलिलिओवर १६३३ मध्ये चर्चनेच खटला चालवून त्याला दोषी ठरवलं हेही त्याच आवाजात सांगा. इतिहासात धर्मयुद्धं आणि इन्क्विझिशन (चर्चने धर्मद्रोहाबद्दल चालवलेले खटले) गाळून शिकवणारी शाळा मला कमी कॅथलिक वाटते, कारण पाप कबूल करणं हा ज्या धर्माचा संस्कार आहे त्याच्या शाळेने स्वतःचं पाप झाकणं शोभत नाही. अर्थशास्त्रात कामगाराचा पगार हा फक्त मागणी-पुरवठ्याचा विषय आहे का, हा प्रश्न १८९१ पासून पोप लोकांच्या पत्रांमध्ये येतोय, पर्यावरणाचा २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सविस्तर घेतला. बारावीच्या मुलाने हे वाचून "मला पटत नाही" असा चांगला निबंध लिहिला तर त्याला पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत.

धर्माच्या तासाबद्दल एक गोंधळ कायम असतो. व्हॅटिकनच्या १९८८ च्या दस्तऐवजाने शाळेतलं धर्मशिक्षण आणि चर्चमधली श्रद्धेची तयारी यांच्यात फरक केलाय. दुसऱ्यात ऐकणारा आधीच मानणारा आहे असं धरलेलं असतं आणि त्याची श्रद्धा पक्व करायची असते, त्याची जागा मुख्यतः चर्च, कुटुंब, पॅरिश (स्थानिक चर्चचा समाज). शाळेच्या तासाचा हेतू ज्ञान आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्म नेमकं काय सांगतो, कशावरून सांगतो, आणि कॅथलिक माणूस तसं जगायचा प्रयत्न कसा करतो. या तासाला अभ्यासक्रम हवा, शिकलेला शिक्षक हवा, गृहपाठ आणि मूल्यमापन हवं. प्रत्यक्षात काय होतं तर ज्या शिक्षकाचे तास कमी भरतात त्याला हा तास दिला जातो आणि परीक्षा जवळ आली की पहिला हाच तास गणिताला जातो. टाइमटेबल बघा, शाळेला काय महत्त्वाचं वाटतं ते तिथे खोटं बोलत नाही.

प्रार्थना, मिस्सा, क्रूस यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना दिसतंच. एवढंच की आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे), ईस्टर हे वर्षाचं चक्र शाळेत जगलं गेलं तर मूल वेळेकडेच वेगळ्या नजरेने बघायला शिकतं, आणि उपवासकाळात गोळा केलेल्या पैशाचं काय झालं हे मुलांना कळलं तर अजून चांगलं. दे ला साल या फ्रेंच धर्मगुरूंच्या परंपरेतल्या शाळांमध्ये मध्येच थांबून आपण देवाच्या सान्निध्यात आहोत याची आठवण करायची पद्धत आहे, येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) शाळांमध्ये दिवसाकडे मागे वळून शांतपणे बघायची. अशी छोटी, रोजची सवय वर्षातून एकदा होणाऱ्या भव्य मिस्सेपेक्षा खोल जाते असा माझा अनुभव.

यावरून धर्मसंघांचा, म्हणजे व्रत घेतलेल्या फादर-ब्रदर-सिस्टरांच्या संस्थांचा, विषय. कॅथलिक शाळा एका साच्यातून निघालेल्या नाहीत. अँजेला मेरिचीने १५३५ मध्ये इटलीतल्या ब्रेशियात उर्सुलिन संघ सुरू केला, पुढे मुलींच्या शिक्षणाचं मोठं काम त्यातून झालं. येशूसंघाची मेसिनाची शाळा १५४८ ची, आणि १५९९ मध्ये त्यांनी अभ्यासाची पूर्ण नियमावली छापली. जोसेफ कॅलासान्झ यांनी १५९७ मध्ये रोममध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. मेरी वॉर्डने मुलींसाठी काम सुरू केलं तर १६३१ मध्ये पोपनेच तिची संस्था बंद केली, आज तिच्या परंपरेतल्या शाळा जगभर आहेत. दे ला साल यांनी फ्रान्समध्ये लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून वाचन शिकवलं. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता म्हणून प्रत्येकाच्या शाळेचा स्वभाव वेगळा झाला, आणि शाळेला आपला मूळ प्रश्न आठवत असेल तर तिची ओळख टिकते. नुसता संस्थापकाचा पुतळा आणि वार्षिक दिनाचं भाषण यावर ती टिकत नाही.

पण आता ते ब्रदर-सिस्टर आहेत कुठे? अमेरिकेत १९२० च्या सुमाराला कॅथलिक शाळांमधले नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षक व्रतस्थ किंवा धर्मगुरू होते, १९६० मध्ये साधारण ७४ टक्के, आज तीनच्या आसपास. पूर्वी झगा घातलेली सिस्टर वर्गात शिरली की ओळखीचा प्रश्न मिटायचा, खरं म्हणजे झाकला जायचा. आता तो भार प्रापंचिक, म्हणजे व्रत न घेतलेल्या, शिक्षकांवर आहे. व्हॅटिकनने १९८२ मध्येच त्यांच्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढून सांगितलं होतं की ते कोणाची तात्पुरती जागा भरत नाहीत, हे त्यांचंच बोलावणं आहे. कागदावर उत्तम. पण सिस्टरला संघात शिरताना कित्येक वर्षांची घडण मिळायची आणि नव्या शिक्षकाला मिळतो एक दिवसाचा ओरिएंटेशन, त्यातला अर्धा दिवस पगाराच्या सॉफ्टवेअरवर. शाळेच्या बजेटमध्ये शिक्षकांच्या आध्यात्मिक आणि धर्मशास्त्रीय घडणीला किती रक्कम आहे हे बघितलं की पुढच्या पिढीत ओळख उरेल की नाही याचा अंदाज येतो. सगळे शिक्षक कॅथलिकच हवेत असं माझं मत नाही. कॅथलिक नसलेले पण शाळेचं ध्येय समजून त्याला मनापासून साथ देणारे शिक्षक मी पाहिलेत आणि जन्माने कॅथलिक पण मनाने कधीच निघून गेलेलेही पाहिलेत. पण एक मोठा गाभा मानणाऱ्यांचा लागतो, हेही तितकंच खरं, नाहीतर मुलांनी श्रद्धा कोणाच्या चेहऱ्यावर बघायची?

कोणाला नेमायचं आणि कोणाला काढायचं यावरून कोर्टकचेऱ्याही होतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दोन कॅथलिक शाळांच्या खटल्यात ७ विरुद्ध २ अशा मतांनी ठरवलं की जे शिक्षक धर्म शिकवण्याचं काम करतात त्यांच्या नोकरीच्या वादात भेदभावविरोधी कायदे घेऊन कोर्ट पडणार नाही. शाळांना हक्क मिळाला. तो वापरताना त्या शिक्षकाशी कसं वागलं जातं हाही ओळखीचाच भाग आहे, आणि इथे बऱ्याच शाळा नापास होतात.

आता गरिबांचा मुद्दा, जो मला सगळ्यात टोचतो. १९७७ च्या दस्तऐवजात चक्क लिहिलंय की चर्चची शैक्षणिक सेवा आधी गरिबांसाठी आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांसाठी, आणि कॅथलिक शाळा मुख्यतः श्रीमंत घरांकडे वळली तर ती त्यांचं वर्चस्व टिकवायला आणि अन्यायी समाज चालू ठेवायला हातभार लावत असेल. हे व्हॅटिकनचं म्हणणं आहे, कुठल्या आंदोलनाचं पत्रक नव्हे. १९७३ मध्ये येशूसंघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया इथे माजी विद्यार्थ्यांसमोर प्रश्न ठेवला, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि उत्तरही स्वतःच दिलं की नाही, घडवलं नाही. समोर बसलेले बरेच जण अर्थातच खूश झाले नाहीत. फी भरू शकणाऱ्यांशिवाय कोणी आत येऊ शकत नसेल तर त्या शाळेत रोज दोन मिस्सा झाल्या तरी काहीतरी मोठं हरवलेलं आहे. हो, पगार द्यायचे असतात, छप्पर गळतं, मला माहितीये, मीही ते हिशोब केलेत. म्हणूनच सवलतीची रक्कम बजेटमध्ये आधी बाजूला काढली जाते की उरलं तर दिली जाते, हे विचारतो.

शेवटी कॅथलिक नसलेल्या पालकांसाठी, कारण असा प्रश्न त्यांच्याकडूनच जास्त येतो. श्रद्धा कोणावर लादायची नाही हे चर्चच्या कायद्यात ७४८ व्या कलमात आहे आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यावरच्या डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रातही. तुमच्या मुलाला येशूबद्दल शिकवलं जाईल, प्रार्थनेच्या वेळी शांत बसायला सांगितलं जाईल, धर्माच्या तासाचा अभ्यास करावा लागू शकतो, तो स्वतः काय मानतो हे मात्र कोणी तपासायचं नाही. ॲडमिशनच्या आधी प्रिन्सिपलना तीन गोष्टी सरळ विचारा: मिस्सेच्या वेळी इतर मुलं काय करतात, धर्माचा तास कोण घेतं आणि त्याचं शिक्षण काय, आणि मागच्या वर्षी एखाद्या मुलाला काढायची वेळ आली तेव्हा निर्णय कसा घेतला. पहिल्या दोन्हीची लेखी पॉलिसी असायला हवी, मागून घ्या. तिसऱ्याला नाव न घेता उत्तर देता येतं, आणि जे देतात ते सहसा खुर्चीत नीट बसून, वेळ काढून देतात.